मला खोबरेल तेलच लावा

मी एक जुनी बंदूक आहे. वय विचाराल तर जेमतेम तीन वर्षं. पण ज्या वस्तूला कुणी हात लावत नाही ती झपाट्याने म्हातारी होते, हे मी या कपाटात राहून शिकले. ओमानमध्ये सोहारजवळच्या एका बागेतल्या घरात हे कपाट आहे. खोलीत माणूस नसला तरी एसी चालू असतो. बाहेर खजुराच्या झाडाखाली काम करणारा माणूस उन्हाने करपतो आणि आत सामान गारव्यात झोपतं. ही इथली रीत आहे आणि मी ती गोड करून सांगणार नाही.

मित्रांनो, तुम्ही शाळेत फाटक्या छत्रीची, मोडक्या खुर्चीची मनोगतं लिहिली असतील. त्या बिचाऱ्या शेवटी हात जोडतात, आम्हाला जपा म्हणतात. मीही शेवटी काहीतरी मागणार आहे. पण जपणूक नाही. आधी ऐका, मग ठरवा.

माझा जन्म तुर्कस्तानातल्या एका कारखान्यात झाला. कुणी कारागिराने जीव ओतून मला घडवलं वगैरे काही नाही. पट्ट्यावरून आम्ही शेकड्यांनी सरकत आलो. नळी लोखंडाची, दस्ता लाकडासारखा दिसणाऱ्या प्लास्टिकचा. माझ्यात छर्रे भरलेली काडतुसं घालतात. एक काडतूस उडालं की त्याच्याच वायूचा थोडा जोर माझ्या पोटातल्या दट्ट्याला मागे ढकलतो, रिकामं टरफल बाहेर पडतं आणि पुढचं काडतूस आपोआप वर येतं. शिकणाऱ्याने नुसता चाप ओढत राहायचं. धक्काही कमी बसतो, म्हणून नवख्यांच्या हातात माझी जात देतात. पाण्यावरचे पक्षी एकदम उठतात, दुसरी गोळी भरायला सवड नसते, त्या कामासाठी आम्ही. स्वस्तात स्वस्त अशी पाटी मात्र आमच्या गळ्यात जन्मापासून असते.

मी निझव्याच्या एका दुकानात आले. तिथे इम्रान नावाचा मालेगावचा माणूस काउंटरवर उभा असायचा. तो मला रोज फडक्याने पुसायचा आणि गिऱ्हाईक नसलं की शेजारच्या महागड्या बंदुकीला टोमणे मारायचा, "महाराणी, तुझको कोई नहीं ले जाएगा. ये गरीब की बेटी पहले जाएगी." तसंच झालं.

एके दिवशी अनय नावाचे साहेब आले. पुण्याचे, सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लास्टिक पाइपच्या कारखान्यात खरेदी विभागाचे मॅनेजर. त्यांच्या अर्बाबला, म्हणजे ओमानी मालकाला, आपल्या पुतण्यासाठी बंदूक हवी होती. पुतण्याचं नाव हिलाल. पुढच्या हिवाळ्यात काका त्याला परदेशात बदकांच्या शिकारीला नेणार होते. त्याआधी हात बसावा म्हणून साधी, आपोआप भरणारी, परवडणारी बंदूक घ्या, असा हुकूम. परवाना अर्बाबचा, पैसे अर्बाबचे, निवड मात्र अनय साहेबांची. आयुष्यात त्यांनी फटाक्यांच्या पिस्तुलाशिवाय काही हातात धरलं नव्हतं.

इम्रानने विचारलं, "साब, चलाएगा कौन? उसको साथ लाओ ना. कंधे पे रख के देखना पड़ता."

"शर्ट घेतोय का मी?" साहेब मराठीत पुटपुटले. मग हिंदीत म्हणाले, "सबका कोटेशन दो. मैं कंपेअर करूँगा."

आणि खरोखरच त्यांनी तक्ता केला. पाइप बनवायच्या यंत्राला करतात तसा. नळीची लांबी, वजन, वॉरंटी, भाव. जिचा भाव सगळ्यांत कमी ती पहिली. ती मी. आयुष्यभर अशीच खरेदी केलेल्या माणसाला त्यात काही चुकलं असं वाटणार तरी कसं? मी वाईट नव्हते, हेही सांगून ठेवते. माझ्या जातीला फक्त एक गोष्ट लागते. आतून स्वच्छ ठेवावं लागतं आणि बंदुकीचंच पातळ तेल लावावं लागतं, तेही थेंबभर.

इम्रानने एक डबी पुढे सरकवली. तीत सळई, ब्रश, फडकी, तेलाची बाटली. "साब, ये साथ में लो. गंदी रखोगे तो ये रुक जाएगी. दूसरी गोली नहीं चलेगी."

साहेब हसले. "हे तुमचं नेहमीचं. टीव्ही घ्यायला गेलं की स्टँड गळ्यात मारायचा." हे मराठीत. मग हिंदीत, "डब्बा हटाओ. उतना कम करो."

डबी परत काउंटरखाली गेली. मित्रांनो, ती डबी लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते सगळं तिच्यामुळे झालं.

मी बागेतल्या कपाटात आले. किल्ली अनय साहेबांकडे, कारण बागेचा कारभारही तेच बघत. हिलाल एकदा आला, मला हातात धरून फोनवर फोटो काढले आणि गेला. हिवाळा लांब होता.

त्या बागेत जनार्दन होता. कुडाळकडचा. लिंबं, खजूर, पाण्याचा पंप, पिकअप, सगळं तोच बघायचा. आठवड्यातून एकदा मस्कतजवळ अल मवालेहच्या बाजारात लिंबाच्या पेट्या पोचवायचा. जनार्दनला वस्तूंशी बोलायची खोड होती. पंपाला शिव्या द्यायचा, पिकअपला गोंजारायचा. मला मराठी येते ती त्याच्यामुळे. दुकानात साहेब काय पुटपुटले त्याचा अर्थही मला इथेच, मागाहून लागला. आधी खोलीच्या बंद दारातून, मग माझ्यासमोर बसून.

आणि बदकं होती. पाण्याच्या टाकीपाशी साहेबांनी पिल्लं आणून सोडली होती. "अंड्यांसाठी आहेत, सांभाळ," एवढंच जनार्दनला सांगितलं होतं. त्याने ती हातावर वाढवली. सकाळी तो मूठभर भरडा घेऊन टाकीपाशी उभा राहायचा आणि हाक मारायचा, "येवा गो बायांनो, येवा, येवा!" की सगळा पांढरा घोळका डुलत त्याच्या पायात. त्यातली एक जरा लंगडी, तिचं नाव ढवळी. हे नाव त्याच्या बायकोने, तिचं नाव प्रेमा, गावाहून फोनवर ठेवलं होतं. प्रेमा रोज फोनवर आधी ढवळीची चौकशी करायची.

"आणि माझी चौकशी कोण करतला?" जनार्दन कुरकुरायचा.

"तुमका काय धाड भरली हा? ती बिचारी लंगडता."

ही प्रेमा फेब्रुवारीत इथे येणार होती. जनार्दन इतकी वर्षं इथे, पण तिने ही बाग, हा समुद्र, ही बदकं फक्त फोनच्या काचेत पाहिली होती. अर्बाबने शब्द दिला होता. जानेवारीत जनार्दनचा व्हिसा वाढवायचा आणि त्याबरोबर तिच्या महिनाभराच्या भेटीची परवानगी काढायची. इन्शाल्ला म्हणाला होता, पण इथे नुसतं टाळायला म्हणतात तसं नव्हे, छातीवर हात ठेवून. जनार्दनने आपल्या खोलीला चुना लावला. आणखी एक उशी आणली. त्या माणसाला दुसरं काहीही नको होतं. बायकोने येऊन टाकीपाशी उभं राहून ढवळीला भरडा घालावा, बस.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. कोकणातला माणूस त्या दिवशी कोयती-कुदळीपासून सगळ्यांची पूजा करतो. जनार्दनने मवालेहच्या बाजारातून झेंडू आणले, पंपाला हार घातला, पिकअपला हार घातला आणि अनय साहेबांना फोन लावला.

"साहेब, कपाटाची चावी पाठवता काय? बंदूक म्हणजे आयुध. तिची पूजा नाय केली तर बरा दिसणा नाय."

साहेब स्वतःच आले, घाईत होते. किल्ली हातावर ठेवून म्हणाले, "कर बाबा तुझी पूजा. आणि आणलीच आहेस बाहेर तर जरा तेलबिल लावून ठेव. तशीच पडून आहे."

"कुठला तेल लावू?"

"असेल ते लाव रे. मशीनला तेल म्हणजे तेल."

हे वाक्य मी या कानांनी ऐकलंय. म्हणजे कान नसतात मला, पण ऐकलंय.

जनार्दनकडे एकच चांगलं तेल होतं. गावाहून आणलेलं, घाण्यावरचं खोबरेल. तो ते डोक्यालासुद्धा जपून लावायचा. त्याने मला पाटावर आडवं ठेवलं, हळदकुंकू लावलं, नळीखालचं टोपण फिरवून काढलं आणि माझ्या पोटातल्या दट्ट्यावर ते तेल सढळ हाताने ओतलं. मला जन्मात कुणी इतक्या मायेने हात लावला नव्हता. मग हात जोडून त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हिच्या हातसून कोणाचा वायट होव नये रे म्हाराजा!" आणि होय म्हाराजा म्हणायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून तेही स्वतःच म्हणाला.

मी परत कपाटात गेले. एसीच्या गारव्यात ते तेल माझ्या आत गोठत गेलं, मेणासारखं.

जानेवारीत एका गुरुवारी अनय साहेब बागेत आले आणि जनार्दनला म्हणाले, "उद्या सकाळी अर्बाब आणि हिलाल येतायत. बदकं टोपलीत भरून ठेव. तू एकेक वर फेकायचं, हिलाल मारेल. प्रॅक्टिस."

जनार्दनला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "साहेब, ही अंड्यांची ना?"

"अंडी झाली की देऊन. आता हे."

"ही उडणत नाय साहेब. हातभर उडतात नि पडतात."

"फेकलंस की उडतील."

"साहेब, तुम्ही सांगा ना अर्बाबला. मातीच्या थाळ्या फेकून पण शिकतात म्हणे. मी फेकतो थाळ्या दिवसभर."

साहेब वैतागले. "जनार्दन, तुझा व्हिसा कोणाच्या टेबलावर आहे? प्रेमावहिनींचा कागद कोणाच्या टेबलावर आहे? मग. डोकं चालवू नकोस. बदकं आहेत ती."

जनार्दन टोपली शोधायला गेला. कुणीही गेला असता. त्याला भित्रा म्हणणाऱ्याने आधी एकदा परक्या देशात दुसऱ्याच्या सहीवर जगून बघावं.

शुक्रवारची सकाळ गार होती. टाकीच्या पाण्यावर वाफ होती. अर्बाब हातातल्या काठीवर रेलून निवांत उभा होता. म्हातारा माणूस, शांत. हिलालने मला उचललं. दस्ता त्याच्या खांद्याला लांब होत होता, कारण मापाला कुणी बोलावलंच नव्हतं. जनार्दनने टोपलीत हात घातला आणि पहिली हाताला आली ती ढवळी. लंगडी, तिला मागे सरकता आलं नाही.

"यल्ला! फेंको!" हिलाल ओरडला.

जनार्दनने तिला फेकलं नाही. वर धरलं आणि सोडलं. ती दोन वेळा पंख मारून जनार्दनच्याच दिशेने वळली. माझा बार उडाला. पुढचं सांगायला नको.

हिलालने पुन्हा चाप ओढला. कट्. काही नाही. रिकामं टरफल बाहेर पडायच्या खाचेत अर्धवट अडकून बसलं होतं. दट्ट्या मेणात रुतला होता. हिलाल मला हलवू लागला, माझं तोंड कधी जनार्दनकडे, कधी साहेबांकडे. अर्बाब ओरडला, पुढे झाला आणि त्याने मला हिसकावून घेतलं. नळीखालचं टोपण काढून बघितलं. आत पांढरा थर. बोटाने खरवडून वास घेतला.

"ये क्या है? नारियल?"

त्या क्षणी अनय साहेबांचा चेहरा मी पाहिला. त्यांना सगळं कळलं होतं. डबी, तेल, आपलं वाक्य, सगळं.

हिलाल फणकारला, "सस्ता बंदूक! किसने लिया ये कचरा?"

आता प्रश्न साहेबांवर आला होता. जनार्दन भोळेपणाने पुढे झाला. "साहेब, सांगा ना तेंका. खंडेनवमीला मी लावलं. तुम्हीच म्हणालात..."

"तू गप्प राहा," साहेब मराठीत, हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले. "मी बोलतो." आणि अर्बाबकडे वळून हिंदीत, "अर्बाब, बंदूक एकदम अच्छी है. इसने तेल डाला है. कल से बोल रहा था, बदक मत मारो, बदक मत मारो."

शेवटची दोन्ही वाक्यं खरी होती. खऱ्या दोन वाक्यांना शेजारी शेजारी ठेवून केवढं मोठं खोटं तयार होतं ते बघा.

अर्बाबने जनार्दनला विचारलं, "तुमने जान के किया?"

जनार्दनने साहेबांकडे पाहिलं. आणि साहेब भराभर मराठीत बोलले, तिथे ते समजणारं दुसरं कुणी नव्हतं, मी सोडून. "हो म्हण. माफी माग. वाद घातलास तर म्हातारा चिडेल. हो म्हणून मोकळा हो, मी सांभाळतो पुढचं. माझ्यावर विश्वास आहे ना?"

होता. गणपतीला साहेबांच्या घरी केळीची पानं जनार्दनच नेऊन द्यायचा. त्याच्या लेखी साहेब म्हणजे आपला माणूस.

"हां अर्बाब," जनार्दन म्हणाला. "माफ करो."

अर्बाबचा चेहरा दगडासारखा झाला. "बदक के लिए मेरे को बोलता, मैं छोड़ देता. सब छोड़ देता. लेकिन तुमने बच्चे के हाथ का बंदूक खराब किया. वो फट जाता तो? उसका आँख जाता तो?" त्याने मला जमिनीवर ठेवलं. "खलास. व्हिसा खलास. घर जाओ."

मित्रांनो, म्हातारा चुकला नाही. त्याला जे सांगितलं त्यावर तो बरोबर वागला. सरळ माणसाकडून वाईट काम करून घ्यायला चलाख माणूस लागतो, तो आमच्याकडे होता.

मी सांभाळतो म्हणणारे साहेब संध्याकाळी मला हातात घेऊनच जनार्दनच्या खोलीवर आले. जनार्दन ती नवी उशी पिशवीत कोंबत होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस," साहेब म्हणाले. "आणि एका अर्थी बरंच झालं की. वहिनी इथे येणार होत्या, आता तूच जातोयस त्यांच्याकडे!"

हे म्हणून ते हसले. मला आजवर अनेकांनी हातात धरलं, पण मला स्वतःहून कधी कुणावर तोंड वळवता आलं नाही.

जनार्दनने फोन लावला तेव्हा प्रेमाने नेहमीप्रमाणे पहिल्यांदा ढवळीचं विचारलं. "बरी आसा," तो म्हणाला. पुढे काय बोलला ते मला कळलं नाही, तो बाहेर गेला. जाताना, साहेबांनी मला न्यायला कपाट उघडलं होतं तेव्हा, खोबरेलची बाटली तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून गेला. अजून तिथेच आहे.

मग साहेबांनी मला निझव्याला नेलं. इम्रानने मला उघडलं, रॉकेलने धुतलं, सगळं मेण काढलं. "मैंने बोला था ना साब, डब्बा ले लो."

"दे तो डबा," साहेब म्हणाले. या वेळी भाव विचारला नाही. घरी येऊन त्यांनी स्वतः मला तेल लावलं. बंदुकीचं, पातळ, थेंबभर.

पुढच्या शुक्रवारी हिलाल पुन्हा आला. या वेळी म्हातारा आला नव्हता. उरलेली बदकं खजुरांच्या मागे दडली होती. जनार्दनच्या जागी आलेल्या नव्या माणसाने हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, काठी आपटली. एकही बाहेर येईना. हिलाल घड्याळ बघू लागला.

तेव्हा अनय साहेब टाकीपाशी गेले. खाली वाकून त्यांनी मूठभर भरडा घेतला आणि हुबेहूब जनार्दनच्या आवाजात, त्याच्या कुडाळच्या हेलात हाक मारली, "येवा गो बायांनो, येवा, येवा!"

ती आली. सगळी आली, डुलत, एकमेकींना ढकलत.

त्या दिवशी मी एकदाही अडले नाही.

साहेबांना पुढे बढती मिळाली. हिलालला महिन्याभरात बंदुकीचा कंटाळा आला, आता तो वाळूत गाड्या पळवतो. टाकीवर आता फक्त शेवाळ आहे. मी कपाटात आहे, लख्ख पुसलेली, तेल लावलेली, पुढच्या कुणा नवख्याची वाट बघत. महिन्यातून एकदा नवा माणूस मला काढून पुसतो. साहेबांनी त्याला तेलाची बाटली दाखवून बजावलंय, हेच लावायचं, दुसरं नाही.

तर मित्रांनो, माझं मागणं एवढंच. मला जपू नका. मला त्या डबीतलं तेल लावू नका. तुमच्यापैकी कुणी या बागेत कामाला लागलंच, आणि खंडेनवमीला किल्ली हातात आलीच, तर कपाटाच्या वरच्या फळीवर हात घाला. बाटली आहे तिथे. अर्ध्याच्या वर भरलेली. गारठून पांढरी झाली असेल, तळहातावर धरलीत की विरघळेल. ती सगळी माझ्या पोटात ओता. वर हळदकुंकू लावलंत तर उत्तम.

आणि कुणी विचारलं, जाणूनबुजून केलं का, तर हो म्हणा. कुणीतरी एकदा खरोखर जाणूनबुजून करा.